तुम्ही विचारलंत म्हणून : सांगोल्कीच्या क्लबाविषयी

कोल्हापुरात फुटबॉलच्या गप्पा निघाल्या की समोरचा माणूस ब्राझीलचा की अर्जेंटिनाचा, एवढेच विचारण्याची रीत आहे. मी दोन्ही बाजूला ठेवून इक्वाडोरच्या इंडिपेंडिएंते देल वाये या क्लबाचे नाव घेतो, तेव्हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : हा कुठला क्लब, आणि त्यात एवढे काय आहे? एका स्नेह्यांनी तर सांगोल्की हे त्या क्लबाच्या गावाचे नाव ऐकून, सांगोल्यात एवढा मोठा क्लब कधी निघाला, असे अगदी गंभीरपणे विचारले होते. वारंवार तुटक उत्तरे देण्यापेक्षा एकदाच नीट लिहिलेले बरे.

सांगोल्की हे राजधानी कीतोच्या आग्नेयेला, लोस चियोस नावाच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 मीटर उंचीवर वसलेले गाव आहे. क्लबाच्या नावातले ‘वाये’ म्हणजे हेच खोरे. 1 मार्च 1958 रोजी होसे तेरान यांनी मित्रांना हाताशी धरून तेथे क्लब काढला आणि पुढे बरीच वर्षे तो त्यांच्याच नावाने ओळखला जात होता. ‘देल वाये’ हे नाव 2014 सालचे. कागदोपत्री त्याने साठी ओलांडली आहे, तरीही मी त्याला तरुण म्हणतो, कारण पहिली जवळजवळ पन्नास वर्षे तो खालच्या स्पर्धांमध्येच खेळत राहिला. मिशेल देयेर या मॉल उभारणाऱ्या व्यावसायिकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2007 च्या सुमारास तो ताब्यात घेतला, 2009 मध्ये त्याने दुसरी श्रेणी जिंकली आणि 2010 मध्ये तो प्रथमच पहिल्या श्रेणीत उतरला. त्याचे खरे वय तेथून मोजावे.

नव्या मालकांपुढची अडचण साधी होती. ग्वायाकीलचे बार्सेलोना आणि एमेलेक, कीतोचा लिगा, या जुन्या क्लबांनी देशातला प्रेक्षक केव्हाच वाटून घेतला होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली निष्ठा पैसे टाकून विकत मिळत नाही. आमच्याकडे पेठेत जन्मलेल्या मुलाला आपली तालीम, म्हणजे आपला फुटबॉल संघ, निवडावी लागत नाही, ती त्याला मिळालेलीच असते. तेथेही तसेच आहे. म्हणून या मंडळींनी प्रेक्षकांच्या मागे न लागता मुलांवर पैसा लावला. एस्मेराल्दास, सांतो दोमिंगो अशा दूरच्या भागांतली पोरे हेरून आणायची, त्यांच्या राहण्याखाण्याची आणि शाळेची सोय मैदानालगतच करायची, आणि सर्वांत लहान संघापासून मुख्य संघापर्यंत खेळण्याची पद्धत एकच ठेवायची, असा तो बेत होता. प्रशिक्षक बदलले तरी या संघाचे बिघडत नाही, ते त्यामुळेच. 2019 चा प्रशिक्षक, स्पेनचा मिगेल आंखेल रामिरेस, तर क्लबाच्या अकादमीतूनच मुख्य संघाकडे आला होता.

या क्लबाचे नाव जगाने प्रथम ऐकले ते 2016 साली. त्या एप्रिलमध्ये इक्वाडोरच्या किनारपट्टीला 7.8 तीव्रतेच्या भूकंपाचा तडाखा बसला आणि क्लबाने कोपा लिबेर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या बाद फेरीतल्या घरच्या सामन्यांचे उत्पन्न भूकंपग्रस्तांना देऊन टाकले. स्वतःचे मैदान लहान असल्याने हे सामने कीतोच्या आताउआल्पा मैदानावर होत. आदल्या वर्षीचा विजेता रिव्हर प्लेट गारद झाला, उपांत्य फेरीत बोका ज्युनियर्सच्या बोंबोनेरा मैदानावर आरंभीच गोल खाऊनही या पोरांनी 3-2 असा विजय मिळवला, आणि गोलरक्षक लिब्रादो आस्कोनाने तेथे पेनल्टी अडवली. अंतिम फेरीत मेदेयिनच्या आत्लेतिको नासिओनालने त्यांना एकूण 2-1 असे हरवले.

मला मात्र सर्वांत जास्त आठवते ती 9 नोव्हेंबर 2019 ची पराग्वेतल्या असुन्सिओनमधली कोपा सुदामेरिकानाची, म्हणजे खंडातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लबस्पर्धेची, अंतिम लढत. आपल्याकडे रात्र बरीच झाली होती आणि मी मोबाइलच्या पडद्यावर सामना पाहत होतो. समोर अर्जेंटिनातल्या सांता फे शहराचा कोलोन होता, 1905 साली स्थापन झालेला आणि तोवर देशाचे एकदाही विजेतेपद न मिळालेला. त्याचे हजारो पाठीराखे रस्त्याने पराग्वे गाठून आले होते, त्यामुळे मैदान लाल-काळ्या रंगाने भरून गेले होते आणि सांगोल्कीची माणसे एका कोपऱ्यात मावली होती. सांगोल्कीच्या लेओनने पहिला गोल केला आणि थोड्याच वेळात असा पाऊस कोसळला की चेंडू पाण्यात रुतू लागला व खेळ थांबवावा लागला. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर सांचेसने दुसरा गोल केला, उत्तरार्धात गोलरक्षक पिनोसने पेनल्टी अडवली, आणि अगदी शेवटी 3-1 वर शिक्कामोर्तब झाले. शंभर वर्षे वाट पाहणारे भिजत रडत होते आणि पहिल्या श्रेणीत जेमतेम दहा वर्षे काढलेल्यांच्या हाती करंडक होता. खरे सांगायचे तर त्या रात्री माझे मन थोडे कोलोनकडेच झुकले होते. आजही काही इक्वाडोरी मंडळी याला क्लब न म्हणता कारखाना म्हणतात, आणि तो टोमणा मला अगदीच गैर वाटत नाही.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. 2020 मध्ये वीस वर्षांखालील लिबेर्तादोरेस त्यांनी जिंकला, त्याच वर्षी तत्कालीन खंडविजेत्या फ्लामेंगोला 5-0 असे झोडपले, 2021 मध्ये प्रथमच देशाचे विजेतेपद मिळवले, 2022 मध्ये साओ पावलोला 2-0 हरवून सुदामेरिकाना पुन्हा आणला आणि 2023 मध्ये माराकानावर पेनल्टींवर फ्लामेंगोकडून रेकोपा, म्हणजे या दोन स्पर्धांच्या विजेत्यांमधला करंडक, हिसकावून घेतला. त्या 5-0 मधला पहिला गोल सांतो दोमिंगोच्या मोइसेस काइसेदोचा होता. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडच्या ब्रायटन क्लबाकडे गेला, आणि 2023 मध्ये चेल्सीने त्याच्यासाठी दहा कोटी पौंडांहून अधिक रक्कम मोजली. इंकापिए, पाचो, केंद्री पाएस ही सारी याच मैदानावरची पोरे. पाएसचा चेल्सीशी करार झाला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, आणि अठरा पूर्ण झाल्यावरच जाता येणार असल्याने आपली निघायची वेळ ठाऊक असूनच तो दोन हंगाम येथे खेळला. फिफाच्या नियमानुसार खेळाडू घडवणाऱ्या क्लबाला त्याच्या पुढच्या विक्रींतूनही लहानसा वाटा मिळत राहतो, त्यामुळे मुलगा गेला तरी पैशाचा ओघ आटत नाही.

तरीही अशा संघात मुलांना सावरणारे कोणीतरी लागते. ते काम क्रिस्तियान पेयेरानो या अर्जेंटिनी मध्यरक्षकाने केले. 1982 चा जन्म, 2018 मध्ये क्लबात दाखल, म्हणजे युरोपातले कोणी ज्याला विकत घ्यायला येणार नाही अशा वयाचा. काइसेदो त्याच्या शेजारी खेळून मोठा झाला. 2022 चा करंडक आला तेव्हा पेयेरानो चाळीस वर्षांचा होता आणि संघातच होता. मला कोणी या क्लबाची जर्सी आणून देणारच असेल, तर पाठीवर त्याचे नाव हवे. पोरांची नावे घातली तर दर दोन वर्षांनी नवी घ्यावी लागेल.