बुलगोगी दॉपबाप घरी करताना: सगळा खेळ सुटणाऱ्या पाण्याचा

बुलगोगी दॉपबाप म्हणजे गरम भातावर गोडसर-खारट बीफचे पातळ काप, कांदा, मशरूम आणि भातात मुरेल एवढा रस. साहित्य फारसं लागत नाही, तव्यावरचं काम पंधरा मिनिटांचं. तरीही घरी केलेलं बरेचदा राखाडी, उकडल्यासारखं आणि पांचट होतं. त्याचं कारण जवळजवळ प्रत्येक वेळी पाणी असतं. मांसाला सुटलेलं, नाशपातीचं, कांद्याचं, भाताचं. यातलं कुठलं टिपून टाकायचं, कुठलं आटवायचं आणि कुठलं मुद्दाम राखायचं हे कळलं की हा पदार्थ हमखास जमतो. मी कोरियात, सुवॉनला राहते आणि हे घरी नेहमी करते. ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने लिहिते आहे. प्रमाण चार जणांचं.

मांस ५०० ग्रॅम. इथल्या सुपरमार्केटात ‘बुलगोगीसाठी’ असं छापलेली, दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या कापांची पाकिटं मिळतात. कोरियाच्या देशी गाईचं मांस, म्हणजे हानू, १++, १+, १, २ आणि ३ अशा प्रतींत विकलं जातं. मांसात चरबीच्या रेषा किती पसरल्या आहेत यावर ही प्रत मुख्यतः ठरते. दॉपबापसाठी १++ घेऊ नये. ते नुसत्या मिठावर भाजून खाण्याचं मांस आहे, सोया सॉस आणि साखरेत त्याची चव बुडून जाते. मी मानेकडचा किंवा पुढच्या पायाचा भाग घेते, प्रत १ किंवा २. ऑस्ट्रेलियन किंवा अमेरिकन मांसही छान चालतं. मागच्या मांडीचं अगदी बिनचरबीचं मांस टाळा, ते तव्यावर कोरडं पडतं. छातीकडचे चरबीदार पातळ काप दुसऱ्या टोकाला जातात, वाडगा कोमट झाला की त्यांची चरबी भातावर गोठते.

कापलेलं मांस मिळत नसेल तर आख्खा तुकडा घेऊन तासभर, मोठा असेल तर दीड तास फ्रीझरमध्ये ठेवा. कडा कडक झाल्या पाहिजेत, पण सुरी आत जायला हवी. मांसातल्या तंतूंची दिशा बघून त्यांच्या आडवे काप काढा. तंतूंच्या दिशेने कापलेलं मांस कितीही मुरवलं तरी दाताखाली दोरीसारखं लागतं. काप दोन मिलिमीटरचे झाले तर उत्तम, तीनच्या वर नकोत. उलट कागदासारखे पातळ केले तर परतताना त्यांचा चुरा होतो.

यानंतरची पायरी लोक हटकून गाळतात. कोरियन घरांत मात्र ती ठरलेली आहे. काप किचन टॉवेलवर एका थरात पसरून वरून दुसरा टॉवेल दाबायचा आणि सुटलेलं लाल पाणी टिपून घ्यायचं. गोठवलेलं मांस असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सावकाश वितळवा आणि मग टिपा. त्याला पाणी जास्तच सुटतं. हे पाणी राहिलं तर मसाला पातळ होतो, तव्यावर करडा फेस येतो आणि मांसाला एक उग्र वास राहतो. मांस धुवायचं तर अजिबात नाही.

मुरवण्यासाठी: सोया सॉस ५ टेबलस्पून (७५ मिली), साखर २ टेबलस्पून, नाशपातीचा रस ४ टेबलस्पून, किसलेला कांदा २ टेबलस्पून, बारीक ठेचलेला लसूण १ टेबलस्पून, आल्याचा कीस अर्धा टीस्पून, स्वयंपाकाची राइस वाइन १ टेबलस्पून, मिरपूड पाव टीस्पून, भाजलेल्या तिळाचं तेल १ टेबलस्पून. टेबलस्पून म्हणजे १५ मिलीचा मापाचा चमचा. बऱ्याच कोरियन घरगुती कृतींत ‘चमचा’ म्हणजे जेवणाचा चमचा असतो आणि त्यात १० ते १२ मिलीच मावतं. तिथलं माप आणि इथलं माप यांची सरमिसळ झाली की पदार्थ खारट होतो.

सोया सॉसबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे चूक झाली तर पुढे दुरुस्ती नाही. कोरियन दुकानात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. यांगजो गानजांग हा पूर्णपणे आंबवून केलेला, जिन गानजांग हा बहुतेक वेळा मिश्र आणि रोजच्या शिजवण्याचा, आणि गुक गानजांग हा सूपसाठीचा. पहिले दोन्ही चालतात. गुक गानजांग रंगाने फिका दिसतो पण बराच खारट असतो, तो पाच चमचे घातला तर ताट बाजूलाच ठेवावं लागेल. भारतात चायनीज नूडल्ससाठी मिळणारा घट्ट, काळा सोया सॉस इथे नको. त्यातल्या कॅरॅमलच्या रंगाने मांस शिजण्याआधीच काळं दिसतं आणि ते कधी नीट खरपूस झालं हे कळत नाही.

नाशपाती किसून मलमलच्या फडक्यात पिळायची आणि फक्त रस घ्यायचा. चोथा मसाल्यात राहिला तर तो तव्याला चिकटून मांसाच्या आधी जळतो. कोरियन नाशपाती सप्टेंबरपासून भरपूर येते. एरवी एखादं गोड सफरचंद किसून पिळलं तरी गोडी साधते. किवी, अननस आणि कच्ची पपई ही मात्र वेगळ्या जातीची मंडळी आहेत. त्यांच्यातली विकरं मांसाची प्रथिनं झपाट्याने तोडतात. मांस चिवट असेल तरच ५०० ग्रॅमला किवीचा एक टीस्पून गर घाला आणि अर्ध्या तासात शिजवायला घ्या. रात्रभर ठेवलं तर मांसाचा पिठूळ लगदा होतो.

तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं, गडद तपकिरी रंगाचं हवं. घाण्यावरचं आपलं फिकट तिळतेल हे निराळंच तेल आहे, त्याला तो खमंग वास नाही. भाजलेलं मिळालं नाही तर कुठलंही बिनवासाचं तेल वापरा आणि दोन चमचे तीळ ताजे भाजून, खलात अर्धवट कुटून शेवटी वर घाला. घाण्याच्या तेलापेक्षा हा उपाय चवीच्या जास्त जवळ जातो. तेल मसाल्यात सगळ्यात शेवटी मिसळायचं. आधी घातलं तर कापांवर तेलाचा थर बसतो आणि बाकीचा मसाला आत शिरायला अडतो.

मसाला कालवून काप एकेक करून सोडवत त्यात घाला आणि हाताने हलकं चोळा. गुंता झालेल्या कापांना मधोमध मसाला लागत नाही. अर्धा तास पुरतो, दोन तासांत छान मुरतं, रात्रभर फ्रीजमध्येही चालतं. त्याहून जास्त ठेवलं तर मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं आणि काप आवळून घट्ट होतात.

मांस मुरतंय तोवर भात. आखूड दाण्याचा कोरियन तांदूळ राइस कुकरच्या मापाने २ कप (३६० मिली). पाणी ढवळून लगेच ओतायचं, असं तीन-चारदा. पहिलं पाणी विशेषतः चटकन फेकायचं, कोरडा दाणा ते पटकन शोषतो. मग अर्धा तास भिजवून पूर्ण निथळायचं. जाड बुडाच्या पातेल्यात ३६० मिली पाण्यात शिजवा: मध्यम आचेवर उकळी, मग झाकण ठेवून अगदी मंद आचेवर १२ मिनिटं, गॅस बंद करून आणखी १० मिनिटं झाकण न उघडता. नुसता खायचा भात असेल तर मी दोन टेबलस्पून पाणी जास्त घालते. दॉपबापच्या भाताला वरून रस मिळणार असतो, म्हणून तो किंचित ताठ हवा. इथल्या तांदळाच्या पोत्यावर तो गिरणीत सडल्याची, म्हणजे कोंडा काढल्याची, तारीख छापलेली असते. नुकताच निघालेला नवा तांदूळ असेल तर पाणी थोडं आणखी कमी. भारतात इंद्रायणी या कामाला सगळ्यात चांगला, आंबेमोहोरही चालेल. बासमतीचे मोकळे दाणे रस धरत नाहीत, तो तळाशी साचतो.

आता तवा. बुलगोगीच्या कोरियातच निरनिराळ्या तऱ्हा आहेत. उल्सानजवळचं ऑनयांग आणि दक्षिण किनाऱ्यावरचं ग्वांगयांग इथली बुलगोगी कोळशावर, कोरडी भाजतात. सोलची पद्धत रसाची: मधे घुमटासारखा उंच आणि कडेला खोलगट पन्हळ असलेला तवा, मांस वर भाजतं आणि रस खाली जमतो. दॉपबापला दोन्ही हवं, खरपूस कडाही आणि रसही. एकाच वेळी दोन्ही साधायला गेलं की मांस उकडतं. म्हणून मी ते दोन टप्प्यांत करते.

बिडाचा किंवा जाड स्टीलचा २८ सेंटिमीटरचा तवा मोठ्या आचेवर तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो गोळी होऊन पळायला हवा. नॉनस्टिक इतका तापवणं योग्य नाही, त्यामुळे त्यावर हा रंग येत नाही. मांस मसाल्यातून उचलून हलकं पिळा, खाली राहिलेला मसाला जपून ठेवा. एक टीस्पून बिनवासाचं तेल, मग मांसाचा तिसरा हिस्साच पसरून घाला आणि ४०-५० सेकंद हात लावू नका. आवाजाकडे लक्ष द्या. चरचर कोरडी आणि टणटणीत असेल तर ठीक. ती मंदावून बुडबुड ऐकू आली की समजा, पाणी साचलंय. तव्यावर पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि मांसाला रंग चढायला त्याहून पुष्कळ जास्त लागतं. पाचशे ग्रॅम एकदम ओतल्यावर नेमकं हेच होतं. एका बाजूला तपकिरी ठिपके दिसले की उलटवा, आणखी मिनिटभर, आणि ताटात काढा. उरलेले दोन घाणे तसेच. मधे तव्यावर काळं धरलं तर ओल्या टॉवेलने पुसून घ्या. साखर जळायला वेळ लागत नाही आणि तो कडूपणा थेट रसात उतरतो.

त्याच तव्यात एक मध्यम कांदा, बोटाएवढ्या जाड फोडी, आणि १०० ग्रॅम मशरूम. मशरूम पाणी सोडतात आणि मग ते आटतं, त्या दोन-तीन मिनिटांत तव्याला चिकटलेलं सगळं सुटून येतं. आता राखून ठेवलेला मसाला आणि ६० मिली पाणी घाला. त्यात कच्च्या मांसाचा रस आहे, तेव्हा खळखळून उकळी येऊ द्यायचीच. आधी बारीक फेसाळ बुडबुडे येतात, मग ते मोठे, चकचकीत आणि आळशी होतात. तिथे थांबायचं. माणशी दोन-तीन टेबलस्पून रस उरला पाहिजे. मांस आणि तिरकी चिरलेली पातीची एक जुडी परत घालून अर्धा मिनिट हलवा, गॅस बंद, वरून एक टीस्पून तिळाचं तेल. काही जण इथे बटाट्याचं पीठ पाण्यात कालवून घालतात. रस दाट होतो खरा, पण भातात मुरत नाही, वरच राहतो. मला ते पटत नाही.

तिखट हवं असेल तर मसाल्यात एक टेबलस्पून गोचुजांग, म्हणजे मिरचीची आंबवलेली कोरियन पेस्ट, घाला आणि सोया सॉस एक टेबलस्पूनने कमी करा, कारण गोचुजांगमध्ये मीठ आणि गोडी दोन्ही असतात. पेस्टऐवजी गोचुगारू, म्हणजे भरड कोरियन मिरचीपूड, घालायची असेल आणि ती मिळत नसेल तर ब्याडगी मिरची बिया काढून भरड कुटा, रंग आणि सौम्यपणा दोन्ही जुळतात.

मांसाचा खिमा वापरून हाच वाडगा आणखी झटपट होतो. खिमा मुरवायचा नाही. आधी कोरडा परतून त्याचं पाणी पूर्ण आटवायचं, रंग आला की मगच मसाला ओतायचा.

महाराष्ट्रात २०१५पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे तिथे मिळतं ते म्हशीचं मांस. त्याने हा पदार्थ उत्तम होतो, फक्त ते गडद, कमी चरबीचं आणि चिवट असतं. खाटकाकडे अंडरकट मागा, काप दोन मिलिमीटरच्या आतच ठेवा, मसाल्यात एक टेबलस्पून जास्तीचं तेल घाला. अंडरकट मिळालं नाही तर काप आधी पाव टीस्पून खाण्याच्या सोड्यात १५ मिनिटं ठेवून, धुऊन, नीट कोरडे करून मग मुरवा. ही कोरियन रीत नव्हे, आणि मांस न धुण्याचा नियम इथे मोडावा लागतो, पण काप मऊ राहतात.

वाढताना खोलगट वाडग्यात १८० ग्रॅम भात, त्यावर आधी रस, मग मांस. बाजूला पालकाचं नामुल: पालक ३० सेकंद उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, मग मुठीत घट्ट पिळून मीठ, चिमूटभर लसूण आणि तिळाचं तेल. पिळण्यात कुचराई केली तर तेच पाणी वाडग्यात झिरपतं. वर कडा कुरकुरीत आणि बलक पातळ असं तळलेलं अंडं. किमच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पातळ पापुद्र्याच्या, कातरलेल्या पट्ट्या अगदी तोंडाशी नेण्याआधी. किमची वेगळ्या वाटीत, तिचं आंबट पाणी भातात आलं की रसाची गोडी फिस्कटते.

मुरवलेलं मांस २५० ग्रॅमच्या पिशव्यांत सपाट दाबून गोठवता येतं, महिनाभर चांगलं राहतं. किवी किंवा पपई घातलेलं मात्र गोठवू नका, वितळताना विकरं पुन्हा कामाला लागतात. भातही गरम असतानाच झाकणाच्या डब्यांत एकेका माणसाचा भरून, वाफ जिरली की फ्रीझरमध्ये. मायक्रोवेव्हमध्ये झाकण सैल ठेवून तीन मिनिटांत तो ताज्यासारखा मऊ होतो. फ्रीजच्या साध्या कप्प्यात ठेवलेल्या भाताचा दाणा कडक पडतो, त्यावर हा रस कितीही ओतला तरी मुरत नाही.