कागदाच्या पट्ट्या

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'शाळेने काय दिलं' यावर लिहा, असा निरोप आला, आणि डोळ्यांपुढे आली ती आमच्या इंग्रजीच्या बाईंची कात्री.

नववीत येईपर्यंत आम्हाला सुटी इंग्रजी वाक्यं बऱ्यापैकी जमत होती. 'माय सायकल' या विषयावर मी अकरा वाक्यं लिहिली. एकातही चूक नव्हती. बाईंनी वही परत न देता पान मागितलं, एकेक वाक्य कापून वेगळं केलं, पट्ट्या पत्त्यांसारख्या पिसल्या आणि माझ्या बाकावरच्या मित्रापुढे ठेवल्या. "लाव ओळीनं." त्यानं लावल्या. क्रम पार वेगळा, तरी वाचताना कुठेच अडलं नाही. मी खूश! बाई म्हणाल्या, "कुठलंही वाक्य कुठेही बसतंय, म्हणजे ही यादी झाली. पॅराग्राफ लिहायचा राहिलाय."

मग सुरुवात पहिल्या वाक्यापासून. माझं होतं, 'सायकल इज अ यूजफुल थिंग.' बाईंचा प्रश्न, "हे कोण नाकारणार आहे?" चार वेळा खोडल्यावर उतरलं, 'माय सायकल इज ओल्डर दॅन मी.' आता पुढच्या वाक्यांना काम मिळालं: ती कोणाची होती, काय काय बदललं, काय अजून मूळचंच आहे. पहिलं वाक्य विषय सांगणारं असावं, हा नियम अलेक्झांडर बेन या स्कॉटिश प्राध्यापकांनी १८६६ सालीच पुस्तकात मांडला होता, हे मला फार नंतर कळलं. बाईंनी कधी नियम म्हणून सांगितला नाही.

वाक्यं जोडा म्हटल्यावर आम्ही जिथे तिथे 'मोरओव्हर' आणि 'देअरफोर' पेरले. (मी तर एका पॅराग्राफात चार 'देअरफोर' घातले होते, आणि एकालाही कारण नव्हतं.) बाईंनी आठवडाभर असे शब्दच बंद केले. 'इट', 'दिस', 'दॅट चेन' एवढ्यावर मागचं वाक्य धरून ठेवायचं. तेव्हा कळलं, 'दॅट चेन' लिहायचं तर आधी चेनबद्दल काहीतरी सांगितलेलं असावं लागतं. क्रम आपोआप ठरायला लागला. स्पेलिंगच्या चुकांकडे त्या आठवड्यात बाईंनी बघितलंसुद्धा नाही, याचा आम्हाला फार आनंद.

सायकलच्या पट्ट्या पुन्हा लावल्या तेव्हा एक उरली: 'माय सायकल हॅज नो बेल.' मी ती फेकणार होतो. "चूक नाहीये ती," बाई म्हणाल्या, "दुसऱ्या पॅराग्राफाची आहे. वहीच्या मागे चिकटव." वर्षभरात मागची तीन पानं अशा पट्ट्यांनी भरली. वार्षिक परीक्षेत 'माझा रोजचा रस्ता' हा विषय आला, आणि मी पहिलं वाक्य लिहिलं, 'माय सायकल हॅज नो बेल, सो आय सिंग.'