कणकुंबीचं पाणी, दोन समुद्रांचं

पावसाळ्यात बेळगावात कुठं जायचं म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी आंबोली येते. मी मात्र जांबोटीचा रस्ता धरतो. जांबोटी मागं पडली की झाडी दाटत जाते, काचेवर धुकं बसतं आणि चोर्ला घाटाच्या अलीकडं कणकुंबी लागते.

माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. अरबी समुद्र इथून इतका जवळ, तरी ही नदी त्याच्याकडं पाठ करून पूर्वेला निघते. खानापूर, सौंदत्ती करत सुमारे ३०४ किलोमीटर वाहून कूडलसंगमला कृष्णेत मिळते आणि तिथून बंगालच्या उपसागराला. याच खानापूर तालुक्यात देगावच्या रानात उगम पावणारी म्हादई मात्र गोव्यात उतरते, मांडवी होऊन पणजीला समुद्र गाठते. एकाच डोंगररांगेवर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो, याचं मला आजही नवल वाटतं. कणकुंबीजवळचा कळसा नाला म्हादईच्या खोऱ्यातला. त्याचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून कर्नाटक-गोव्याचा वाद आहे आणि २०१८ मध्ये लवादाचा निवाडा येऊनही तो शमलेला नाही. दोन्ही खोरी एकमेकांना किती खेटून आहेत, ते इथं आल्यावरच ध्यानात येतं.

म्हादईवरचा वज्रपोहा धबधबा याच बाजूला, गवाळीच्या रानात. भर पावसात वाटाड्याशिवाय तिकडं जाऊ नये. वाट निसरडी, जळवा मुबलक, आणि आधी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. शेजारच्या भीमगडला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, ही फार चांगली गोष्ट झाली. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचं दुर्मीळ वटवाघूळ राहतं. त्याला गर्दीचा त्रास नको.

गोकाक अगदी उलट्या बाजूला, उघड्या कातळाच्या मुलखात. घटप्रभा तिथं घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून ५२ मीटर खाली कोसळते. गढूळ, तांबूस पाणी, वर झुलता पूल, काठावर जुनी सूतगिरणी. १८८७ मध्येच या पाण्यावर वीज तयार झाली होती. उन्हाळ्यात मात्र नुसता कातळ दिसतो, म्हणून जुलै ते सप्टेंबरमध्येच जावं.

जवळच गोडचिनमलकी आहे. बेळगावजवळच्या आपल्या कंग्राळीवरून वाहत जाणारी मार्कंडेय नदी तिथं टप्प्याटप्प्यानं उतरते. गोकाकपेक्षा मला हा धबधबा जास्त आवडतो. सकाळी आधी तिथं जा, गोकाक दुपारी केलंत तरी चालेल. येताना करदंट, म्हणजे तिथली डिंक-सुकामेव्याची मिठाई, घ्यायला विसरू नका.