एंडोस्कोपी होईपर्यंत गहू बंद करू नका

"मुलीला एवढा त्रास होतोय ना, मग तारीख मिळेपर्यंत चपाती-पाव बंदच करा की!"

इस्पितळात एंडोस्कोपीच्या, म्हणजे तोंडातून नळी घालून आतडं बघायच्या तपासणीच्या, तारखा देणाऱ्या खिडकीवरून मला मिळालेला हा सल्ला. आठवला की अजून डोकं तापतं. सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, तपासणी व्हायची असताना नेमकी हीच गोष्ट करायची नसते, आणि त्या खिडकीसमोर रोज कितीतरी आया उभ्या असतात.

मुलगी नऊ वर्षांची. उंची वाढेना, पोट फुगलेलं, लोहाचं औषध देऊनही हिमोग्लोबिन वर येईना. जंताचं औषध झालं, टॉनिकं झाली. आम्ही गोव्यातल्या फोंड्याकडचे, दोन्ही वेळा भात खाणारे. त्यात हा आजार उत्तर भारतात जास्त, दक्षिणेकडे बराच कमी. त्यामुळे गव्हाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पण सकाळी पदेराचा (पाववाल्याचा) पाव, शाळेच्या डब्यात चपाती, संध्याकाळी बिस्किटं. भातवाल्या घरातही गहू रोज पोटात जातच होता. शेवटी एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि टीटीजी-आयजीए ही रक्ताची चाचणी लिहून दिली. सोबत एकूण आयजीएही; आयजीए हा रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार. दोन्ही एकदमच करून घ्या. शरीरात आयजीएच कमी असेल, तर पहिली चाचणी आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते.

रिपोर्ट वाढलेला आला. तो मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल, तर रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यावर ईएमए नावाची चाचणी करून लहान मुलांचं निदान बायोप्सीशिवायही, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून न तपासताही, करता येतं. हिचा तेवढा नव्हता. म्हणून एंडोस्कोपी, आणि तिथून आमचे हाल सुरू झाले.

ग्लुटेन म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतली प्रथिनं. कणीक ताणली जाते ती यांच्यामुळे. सीलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ती गेली की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात, मग लोह, कॅल्शियम काही अंगी लागत नाही. बायोप्सीत हेच सपाट झालेलं अस्तर बघायचं असतं. गहू थांबवला की ते भरून यायला लागतं, रक्तातली प्रतिपिंडंही उतरतात, आणि आजार असून रिपोर्ट चांगला येतो. तसं झालं तर पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला घालून सगळं पहिल्यापासून.

म्हणजे तारीख मिळेपर्यंत पाव द्यायचाच. आणि तारीख काही मिळेना. एकदा मशीन बंद, एकदा भूल देणारे डॉक्टर रजेवर, एकदा आमचा कागदच सापडेना. निरोप यायचा तो आदल्या संध्याकाळी, माझी रजा मंजूर झाल्यावर. इकडे पोरगी पावातला मऊ गर काढून ताटाखाली सरकवायची आणि कवच तेवढं चावत बसायची. रात्री पोट धरून रडायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, कळतंय ना तुला, मग कशाला घालतेस तिच्या पोटात?" त्यांना उत्तर देताना माझाच आवाज चढायचा. आपल्या हाताने लेकराला दुखणं भरवायचं, आणि तेही कुणाला तरी एक तारीख नीट लावता येत नाही म्हणून! त्यात वर खिडकीवरचा तो सल्ला. मी तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "बिलकुल बंद करू नका. थोडं द्या, पण रोज द्या." दुसऱ्या दिवशी केसपेपरवर त्यांच्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: तपासणी होईपर्यंत गहू चालू, तारीख लवकर द्यावी. तो कागद पुढे केला तेव्हा कुठे तारीख पक्की झाली. तुम्हीही पहिल्याच भेटीत असं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं त्या खिडकीपर्यंत पोचत नाही.

एंडोस्कोपी स्वतः काहीच नाही. भूल दिली, थोड्या वेळात बाहेर आणली. बायोप्सीत सीलिॲक निघाला. आजार निघाला म्हणून कुणाला बरं वाटतं का? मला वाटलं. त्याच संध्याकाळी पाव बंद केला.

पुढचं गोव्यात तसं सोपं आहे. उकड्या तांदळाची पेज, तांदळाची भाकरी, आंबोळी, पातोळ्या, नाचण्याचं सत्त्व, सगळं घरचंच. गहू लपतो तो भलतीकडे. रवा लावून तळलेला बांगडा, कारण रवा गव्हाचाच. देवळातला प्रसादाचा शिरा, चतुर्थीच्या नेवऱ्या. बाजारातल्या डबीतला हिंग, त्यात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो. दुधात घालायच्या पावडरीतलं माल्ट जवाचं. 'नाचणीची' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांतही मैदा असू शकतो, पाकीट उलटून वाचा. 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे.

गिरणीचं राहिलंच. गव्हानंतर लगेच त्याच जात्यात तांदूळ दळले की पिठात गहू उतरतो. मी घरीच दळते. तवा आणि पोळपाटही वेगळे ठेवलेत.

वर्षभरात तिचं हिमोग्लोबिन वर आलं आणि गणवेशाचा स्कर्ट आखूड झाला. ते बघून ओळखीच्या काहीजणी विचारतात, आम्हीही गहू सोडू का? आधी सगळी तपासणी होऊ द्या, मग ठरवा. सीलिॲक नसताना उगाच सोडायचं कारण नाही. आणि असेल तर तो जन्मभराचा आहे, चार दिवस पाळून भागत नाही.

घरात एकाला निघाला की आईवडील आणि भावंडांचीही चाचणी करायची असते, काही त्रास नसला तरी. आमची झाली. आम्ही दोघं आणि धाकटा, तिघंही निगेटिव्ह. पण मुलांत तो पुढे कधीही उभा राहू शकतो, म्हणून धाकट्याची काही वर्षांनी पुन्हा करायची आहे.