नामहरम चाची

माझ्या पुतण्यानं, फैजाननं, हात छातीवर ठेवला, मान जराशी झुकवली आणि सलाम केला. माझा हात पुढे गेला होता, तो मी ओढणी सारखी करायला वळवला. कुणाच्या लक्षात आलं नसेल. भाबीच्या, त्याच्या आईच्या, आलं.

तेव्हापासून डोक्यात तेच.

वाद घालायला जागा नाही, ही खरी पंचाईत. महरम म्हणजे जिच्याशी निकाह कधीच होऊ शकत नाही, म्हणून जिला शिवायला हरकत नाही अशी नात्यातली; बापाच्या भावाची बायको महरम नसते. मोहल्ल्यातल्या पोरींना मीच पाठ करून घेते: फुफू महरम, खाला महरम, चाची नाही, मामी नाही. बुखारी शरीफ या हदीसच्या किताबात हुजूरांच्या, म्हणजे पैगंबरांच्या, बीबी हजरत आयेशांनी सांगितलेली रिवायत आहे, हुजूरांनी बायकांची बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, तोंडी घेतली, परक्या बाईच्या हाताला हात लावला नाही. आता हुजूरांनी जे केलं नाही ते पोरानं माझ्यासाठी करावं, हे कुठल्या तोंडानं म्हणू?

तरी लागलं.

बरं, न शिवणं आम्हाला नवं नाही. आम्ही कोकणी, सुन्नींतल्या शाफई पंथाचे. नमाजाआधी हात-तोंड-पाय धुऊन, म्हणजे वजू करून, बाबा न्हाणीतून निघाले की अम्मी भिंतीला सरायची, कारण नुसता हात लागला तरी आमच्यात वजू तुटतो, मग ती स्वतःची बायको का असेना. आम्ही पोरं मुद्दाम अम्मीला त्यांच्या अंगावर ढकलायचो आणि बाबा हसत पुन्हा नळाखाली बसायचे. शेजारच्या यूपीवाल्या खालाला याची फार मजा वाटे. त्या हनफी पंथाच्या, त्यांच्यात असं नाही. हजला काब्याभोवती फेऱ्या घालताना, तवाफच्या रेट्यात, मात्र आमच्याच मौलानांनी सांगितलं, इथं हनफी मत धरा. सातही फेऱ्या मी यांचं मनगट सोडलं नाही.

पण अम्मी बाजूला व्हायची तेव्हा ती परकी होत नव्हती. मी झाले. झाले का? होतेच म्हणे, पहिल्यापासून. मग ते ताप, ते जुलाब, ती रात्रभराची मांडी, ते कुठल्या खात्यात धरायचं? जाऊ दे. हे असं लिहायला लागलं की माझी मलाच कीव येते आणि ती मला आवडते, हे वाईट.

भाबीला टायफॉइड झाला तेव्हा फैजान अंगावर पिणारा. माझी लेक सनाही माझ्या अंगावर पीत होती, दूध भरपूर. मी त्याला घेतला तर सासूनं मोडता घातला. दूधभाऊ-बहीण झाले तर पुढे यांचा निकाह कसा व्हायचा? हनफींत एकदा पाजलं तरी नातं लागतं, आमच्यात पाच वेळा पाजावं लागतं. मी म्हटलं, चार वेळा पाजते. सासू म्हणाली, "पोर रडलं तर पाचव्यांदा थांबशील?"

थांबले नसते. तिला माणसं कळायची.

म्हणून डब्याचं दूध, वाटी-चमचा. आणि सना दिली पनवेलला. त्याबद्दल आज नको. पण राखून ठेवलेलं नातं जुळलं नाही, आणि जुळवता आलं असतं ते राखण्यापायी गेलं. एक पाच वेळचं दूध, आणि आज तो दारातच गळ्यात पडला असता, शरियतसकट.

सनाला सांगितलं तर तिनं एक बातमी पाठवली. स्वीडनमध्ये नोकरीच्या मुलाखतीत एका मुस्लिम मुलीनं पुरुषाशी हात न मिळवता असाच छातीवर हात ठेवला. मुलाखत तिथंच संपली. 2018 मध्ये कामगार न्यायालयानं तिला 40,000 क्रोनर भरपाई द्यायला लावली. डेन्मार्कनं तर 2019 पासून नागरिकत्व घेताना हात मिळवण्याची सक्तीच केली. तिथं सरकार हात मागतंय, इथं मी. निदान माझ्या हातात कायदा नाही, हे फैजानचं नशीब.

मुलगा चांगला आहे हो. मान झुकवली तीही अदबीनं, आणि नंतर चार सांदणं मागून खाल्ली.

रात्री हे म्हणाले, हनफींच्या 'हिदाया' या कायद्याच्या ग्रंथात सवलत आहे: जिच्याकडे बघून कुणाच्या मनात काही यायचं नाही अशा म्हातारीशी मुसाफा करायला, म्हणजे हात मिळवायला, हरकत नाही, पहिले खलिफा हजरत अबूबकर करायचे अशी रिवायत आहे. "तर मग हो की हनफी."

हनफी होईन एक वेळ. पण त्याआधी म्हातारी व्हावं लागेल, आणि परवाच तर केसांना मेंदी लावलीय.