माडग्याळ कोकरं बाजारातून आणल्यावरचे पहिले तीन आठवडे

माडग्याळ जातीची मेंढी काटक, हे खरंच. पण तिचा काटकपणा सांगलीच्या जत तालुक्यातल्या कोरड्या माळावर, दिवसभर चालून चरण्यातला आहे. तीच कोकरं शेडमध्ये बांधून खुराकावर घातली की वेगळेच आजार पुढे येतात. मांसासाठी नर कोकरं वाढवताना माझा सगळा भर म्हणूनच पहिल्या तीन आठवड्यांवर असतो.

कोकरू घेतो ते दूध तुटलेलं, तीन-चार महिन्यांचं, साधारण 15 किलोचं. या जातीच्या बाकदार नाकाला बाजारात जादा पैसे मोजतात. मांसासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यापेक्षा डोळ्याची खालची पापणी उलटून बघावी. आतून लालसर हवी. पांढरट असेल तर पोटात रक्त पिणारे जंत समजा. शेपटीखाली हगवणीचे डाग असतील तर घेऊच नका.

नवी कोकरं जुन्या कळपापासून तीन आठवडे लांब. पहिले दोन दिवस फक्त पाणी, कडबा, तुरीचं भुसकट. मग वजन करून जंताचं औषध. अंदाजाने कमी डोस दिला की जंत मरत नाहीत, उलट औषधाला दाद देईनासे होतात. कोकरं स्थिरावली की आंत्रविषाराची (आतड्यात जंतूंचं विष तयार होणारा आजार) लस, तीन आठवड्यांनी दुसरा डोस. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस डॉक्टरांना विचारून वेगळी.

खरी गोची खुराकाची. मक्याचा भरडा कोकरामागे रोज 50 ग्रॅमपासून सुरू करतो, दर चार दिवसांनी 50 ग्रॅम वाढवत 250 ग्रॅमपर्यंत नेतो, तोही दोन वेळा विभागून आणि आधी कडबा खाऊ घालून. एकदम जास्त पडला तर पोटात आम्ल वाढतं: रवंथ थांबते, लेंडी पातळ होते, कूस दाबली की आत पाणी डचमळतं. अशा वेळी भरडा बंद, 15 ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यातून, आणि लगेच डॉक्टर. आंत्रविषारही अशा खुराकावरच उठतो आणि कळपातली सगळ्यात धष्टपुष्ट कोकरं आधी नेतो. त्यामुळे लसीचा दुसरा डोस होऊन दोन आठवडे जाईपर्यंत मी 250 ग्रॅमच्या पुढे जात नाही.

गाई-म्हशींचं खनिज मिश्रण मेंढ्यांना कधीच घालू नका. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं. मग कावीळ, काळपट लाल लघवी आणि मृत्यू. मेंढ्यांसाठीचं वेगळं मिश्रण मिळतं, तेच घ्या. नर कोकरांना भरड्यासोबत मीठ आणि भरपूर पाणीही हवं, नाहीतर मूतखडे होतात. कोकरू कुंथतंय आणि लघवी थेंब-थेंब येतेय असं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.