झुंज घड्याळावर मोजू नका: अंदमानचा जीटी

अंदमानात गळ टाकायला निघालेल्या बोटीवर एक वाद हमखास निघतो. सगळ्यात जास्त झुंजतो कोण? आमच्या बोटीवरही निघाला, आणि तो मिटवायची पद्धत मला मनापासून खटकली. एकाने मोबाइलवरचा फोटो पुढे केला, "याला पन्नास मिनिटं लागली," म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय संपला.

पण मिनिटं ही माशाच्या ताकदीची मोजणी नव्हेच. बारीक दोरा, हलका रॉड आणि ढिला ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, असेल तर बेताच्या आकाराचा कुपाही (ट्यूना) कितीतरी वेळ चालतो. त्याने मासा थोर ठरत नाही. तो फक्त जास्त वेळ छळला जातो आणि सोडल्यावर जगण्याची शक्यता कमी होते. विचारायचं ते वेगळंच: दोरा द्यायला जागाच नसते, तेव्हा कुठला मासा तो तुमच्या हातून ओढून नेतो? माझ्या मते याचं अंदमानातलं उत्तर जायंट ट्रेव्हली. गळवाले त्याला जीटी म्हणतात, मीही तेच म्हणतो.

प्रवासाबद्दल थोडक्यात. पोर्ट ब्लेअर, म्हणजे सरकारी कागदांवरचं आताचं श्री विजय पुरम, आणि तिथून फेरीने हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. फेरी थंडगार, गच्च भरलेली, आणि समुद्रातून जात असूनही समुद्र दिसू न देणारी. मला ती अजिबात आवडली नाही. खरी डोकेदुखी मात्र रॉडच्या नळीची. पॉपिंगचा, म्हणजे पाण्यावर खळबळ करणारं खोटं आमिष फेकायचा रॉड 2.3 ते 2.5 मीटर लांब असतो आणि त्याचा जोड बहुतेक वेळा मुठीपाशी असतो. त्यामुळे सुटा केला तरी वरचा तुकडा पावणेदोन मीटरच्या आसपास राहतो. विमान कंपन्यांच्या लांबीच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत. तिकीट काढण्याआधी लेखी विचारून घ्यावं. विमानतळावर वाद घालून नळी छोटी होत नाही.

एक गोष्ट मात्र फार सुखाची. देशभर एकच प्रमाणवेळ असल्यामुळे अंदमानात पाचच्या सुमाराला उजाडतं आणि हिवाळ्यात सहाच्या आत काळोख पडतो. बोट पहाटे निघते, उन्हाचा चटका बसेपर्यंत कामाचे कितीतरी तास हाती लागतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ मला उत्तम वाटतो, कारण ईशान्य वाऱ्याचा जोर तोवर ओसरलेला असतो. वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात मासेमारीला बंदी आहे, आदिवासी राखीव क्षेत्राच्या पाण्यात जायलाही मनाई आहे. बोटवाल्याकडे परवाना आहे का, तो कुठल्या पाण्यात नेणार आहे, हे नक्की करूनच पैसे द्यावेत.

आता जीटी. या माशाचं ठिकाण म्हणजे प्रवाळाची ती कड, जी प्रवाह अंगावर घेते. प्रवाह तिथे आदळतो, बारीक मासळी तिथे गोळा होते, आणि जीटी खालून वर बघत फिरतो. बोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला नेऊन इंजिन बंद करतात किंवा अगदी मंद ठेवतात, आणि फेसाळ पाण्याच्या रेषेवर पॉपर, म्हणजे ते तरंगतं खोटं आमिष, 120 ते 160 ग्रॅमचं, फेकायचं. रॉड खाली ठेवून एक लांब ओढ, म्हणजे पॉपरचं खोलगट तोंड पाणी उडवतं. मग 2-3 सेकंद थांबायचं. धडक बरेचदा त्या थांबण्यातच बसते.

धडकेचा भपका दिसला की हात आपोआप वर जातो. नेमकं तेच करायचं नाही. पाणी उसळणं म्हणजे गळ तोंडात असणं नव्हे. कित्येकदा जीटी पहिल्या झेपेत पॉपर नुसता उडवतो आणि वळून पुन्हा येतो. रॉडवर वजन जाणवलं की मगच, रॉड आडवा आणि खाली ठेवून, कमरेतून दोन जोरदार हिसके.

यापुढचे दहा सेकंद म्हणजे अख्खी झुंज. हे सावकाश सांगतो, कारण बोटीवरच्या त्या वादात याच दहा सेकंदांचा कुणी उल्लेखही केला नाही.

पाणी 6 ते 10 मीटर खोल. प्रवाळाची पहिली कपार 25-30 मीटरवर. मासा सेकंदाला 5 मीटर जरी गेला तरी सहा सेकंदांत तो कपारीत. त्याला तिकडे जाऊ द्यायचं नाही आणि त्याला तिकडेच जायचं असतं. पसरट, खोल अंगाचा मासा, शेपटीच्या बुंध्यावर कडक खवल्यांची धार, शेपटी कोयत्यासारखी खोल दुभंगलेली. तो सरळ पळतो तेव्हा हे अंग पाणी कापतं. ओढून वळवलं की तेच अंग आडवं होतं आणि प्रवाहाचा सगळा दाब दोऱ्यावर येतो. म्हणजे जोर माशाचा एकट्याचा नसतो, त्यात पाण्याचाही असतो.

इथे कामी येतो तो आधी लावून ठेवलेला ड्रॅग. मासा लागल्यावर नॉब पिळणं म्हणजे उशीर. किनाऱ्यावरच स्प्रिंगचा वजनकाटा घेऊन दोनदा मोजावं: एकदा रिळातून सरळ ओढून, एकदा रॉड वाकवून कड्यांतून. दुसरा आकडा जास्त येतो, कारण कड्यांवरचं घर्षण त्यात मिळतं. माशाला जाणवतो तो हा दुसरा आकडा. पीई 8 जाडीच्या विणलेल्या दोऱ्यावर 10 ते 12 किलो ही बहुतेकांसाठी पुरेशी आणि झेपणारी मर्यादा. 15 किलोच्या बाता फार ऐकू येतात. डोलणाऱ्या बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभं राहून 15 किलो सलग धरणं हे कमरेचं काम आहे, हातांचं नव्हे. ज्यांनी तसा सराव केलेला नाही, ते रॉड वर उचलतात आणि स्वतःच पुढे ओढले जातात.

रॉडचा कोनही इथेच नडतो. रॉड उभा धरला की टोक मोठा तरफदांडा होतो आणि भार माशावर कमी, धरणाऱ्याच्या पाठीवर जास्त येतो. कार्बनचा रॉड असा उभ्या कोनात टोकाजवळ मोडतो, ते वेगळंच. आडव्यापासून 45 अंशांच्या आत ठेवावा, बुंधा कमरपट्ट्याच्या वाटीत, गुडघे किंचित वाकलेले.

अजून एक गोष्ट फार थोडे लक्षात घेतात. रिळावरचा दोरा संपत जातो तसा ड्रॅग आपोआप वाढतो. नॉब हलवला नाही तरी. दोऱ्याच्या वेटोळ्याचा व्यास 80 मिलिमीटरवरून 60 वर आला, तर 12 किलोचा ड्रॅग 16 किलोचा होतो. त्यात बाहेर गेलेल्या लांब दोऱ्याला पाण्याचा विरोध. म्हणून लांब पळ काढणाऱ्या माशापुढे, उघड्या पाण्यात, ड्रॅग थोडा कमी करायचा असतो. लोक घाबरून वाढवतात आणि दोरा तुटतो.

आणि कप्तान. आमच्या बोटीचा कप्तान ब्रह्मदेशातून येऊन अंदमानात स्थायिक झालेल्या कॅरन समाजातला होता. मासा लागताच तो रॉडकडे बघतच नसे, प्रवाळाकडे बघे, आणि कुणी ओरडायच्या आत बोट मागे घेऊन खोल पाण्याकडे काढे. रॉडवाला 12 किलोने ओढतो तेव्हा बोट त्याच दिशेने सरकली, तर मासा कडेपासून दूर यायला लागतो. फोटोत दिसतो रॉडवाला, पण उथळ पाण्यातल्या जीटीची निम्मी झुंज सुकाणूवरचा माणूस लढतो. बुकिंग करताना बोटीचे अश्वशक्तीचे आकडे विचारण्यापेक्षा कप्तान कोण, हे विचारा.

एवढं सगळं करूनही मासे जातात. का जातात, याची कारणं ठराविक असतात. पहिलं कारण एफजी गाठ, म्हणजे दोरा आणि त्याच्या पुढचा जाड तुकडा, लीडर, यांना जोडणारी. विणलेला दोरा नायलॉनच्या लीडरमध्ये रुतला पाहिजे. 20-22 वेढे, प्रत्येक वेढा शेजारच्याला चिकटून, मग ओलं करून, हातमोजे घालून पूर्ण ताकदीने ओढायचं. नीट रुतली की गाठीचा रंग गडद होतो. रंग बदलला नाही तर ती नुसती गुंडाळी आहे, घसरणार. दुसरं, लीडर. 80 ते 100 किलोचा नायलॉन, दीड ते दोन मीटर. एवढा जाड कशाला, असा प्रश्न येतो. मासा तो तोडत नाही, प्रवाळ घासून तोडतं, आणि घासायला जाडीच लागते. तिसरं, फेकताना सैल दोरा रॉडच्या टोकाला गुंडाळला जाणं. हे दिसत नाही आणि मासा लागला की टोकच जातं. प्रत्येक फेकीनंतर पहिली ओढ घेण्याआधी टोकाकडे एक नजर टाकावी. चौथं, गळ आणि तो आमिषाला अडकवायची कडी, स्प्लिट रिंग. साधे तिकाटे, म्हणजे तीन तोंडांचे गळ, सरळ होतात. जाड एकेरी गळ, काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला, हाच बरा. सोडताना मासाही कमी फाटतो.

आता बाकीच्यांचं काय? सेलफिश बघायला सुंदर. पण उड्या मारणारा मासा स्वतःलाच दमवतो. ताशी 110 किलोमीटर हा त्याच्या नावावरचा जुना आकडा आधुनिक मोजमापांत टिकलेला नाही. तिथे वेग ताशी 40 किलोमीटरच्या आतच भरला. तो उघड्या पाण्यात पळतो, कपार नाही, खडक नाही. दोरा द्यायचा, परत घ्यायचा. आनंद आहे, पण कोंडी नाही.

डॉगटूथ ट्यूना ही वेगळी गोष्ट. बॅरन बेटाकडे गेलो तो दिवस त्याच्यासाठी. ज्वालामुखीचा काळा उतार पाण्याखाली तसाच खोल जातो. बेटाचा माथा समुद्रावर साडेतीनशे मीटर, आणि मुळाशी समुद्रतळ सुमारे सव्वादोन हजार मीटर खाली. बेटावर उतरू देत नाहीत, आणि ते योग्यच. इथे 200 ते 300 ग्रॅमचे जिग, म्हणजे धातूची जड खोटी आमिषं, खाली सोडून झटके देत वर आणायचे. डॉगटूथची पहिली धाव सरळ खाली, उताराला चिकटून. जीटी वळवता तरी येतो. मोठ्या डॉगटूथच्या पहिल्या धावेत करण्यासारखं फारसं काही नसतं, फक्त ड्रॅगवर विश्वास. मात्र ती धाव थांबली की तो बराच खचतो. पहिल्या धावेचाच हिशेब केला तर मी डॉगटूथला जीटीच्या वर ठेवीन. कडेपासून बोटीपर्यंतच्या सगळ्या झुंजीचा केला तर जीटीला. कारण जीटी बोटीखाली आल्यावरही दोनतीनदा मान फिरवून खाली जातो.

पिवळ्या पराचा कुपा खोल पाण्यात बोटीखाली गोल फिरतो. ट्यूनांच्या अंगात रक्तवाहिन्यांची अशी जाळी असते की स्नायूंची उष्णता पाण्यात निसटत नाही, म्हणून ते लवकर गळत नाहीत. त्याच्याशी जोर लावत बसू नये. फेरीत डोकं आपल्याकडे वळलं की भराभर गुंडाळायचं, पाठ फिरली की नुसतं धरून ठेवायचं.

नुसतं वजन आणि ताकद बघायची तर जगात निळ्या पराचा अटलांटिक ट्यूना आणि काळा मार्लिन यांच्यापुढे कुणी नाही. 1979 मध्ये नोव्हा स्कोशियात 679 किलोचा ट्यूना, 1953 मध्ये पेरूतल्या काबो ब्लँकोला सातशे किलोंहून मोठा मार्लिन. पण अशा माशांशी लढताना खुर्ची असते, खांद्याला पट्टे असतात, आणि मोठी बोट मागे मागे जात असते. जीटीचा विक्रम 2006 मधला, जपानच्या तोकारा बेटांवरचा, 72.8 किलो. दोन पायांवर उभं राहून, हातात रॉड धरून लढायचं तर किलोमागे जीटीइतका जोर फार थोडे मासे लावतात. नद्यांत सोनेरी महसीर. उत्तराखंडात काली आणि सरयूच्या संगमावर पंचेश्वरला त्याची पहिली धाव प्रवाहाबरोबर खाली जाते आणि ती थांबवणं कठीण असतं. महसीर संकटग्रस्त आहे, त्यामुळे परवानगी असेल तिथेच, आणि पकडून सोडायचा.

घड्याळाचा एकच उपयोग मला मान्य आहे. झुंज लांबली की माशाच्या स्नायूंत आम्ल साचतं, आणि दमलेल्या माशाला शार्क हेरतात. रॉडला अचानक दुप्पट वजन लागून एकदम हलकं झालं तर डोकंच वर येतं. जड सरंजाम वापरा, मासा लवकर बोटीशी आणा. जबड्याला पकड लावून उभा टांगू नका, सगळा भार मणक्यावर येतो. हात ओले करा, एक हात शेपटीच्या बुंध्याला, दुसरा पोटाखाली, आणि फोटो काढताना स्वतःचा श्वास रोखून धरा. तो सुटायच्या आत मासा पाण्यात गेला पाहिजे. जीटी पाण्यात धरून प्रवाहाकडे तोंड केलं की कल्ल्यांतून पाणी वाहतं, शेपटीत जोर आला की तो स्वतःच निसटतो. डॉगटूथ मात्र धरून ठेवू नये. त्याला डोक्याकडून खाली, जोराने पाण्यात सोडावं, म्हणजे त्या झोतात कल्ले चालू होतात आणि तो शार्क फिरतात त्या पाण्याच्या थराखाली लवकर पोहोचतो.